टाचणीबाईंच्या मापाची गिटार

तोंडात सदोदित चार-पाच टाचण्या धरलेल्या, आणि तरी बोलणं थांबायचं नाही, म्हणून सगळ्या बाजारात त्या टाचणीबाई. लॉन्ड्री आणि किल्लीवाल्याची टपरी यांच्या मधे त्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, दोन शिलाई मशीन, एक आरसा, एक पडदा आणि कपड्यांचा ढीग. नवं काही त्या शिवत नसत. दुसऱ्यांनी शिवून वाट लावलेलं सरळ करायच्या. लांब पँट आखूड, घट्ट झगा सैल, उतरलेला खांदा जागेवर. गिऱ्हाईक "चालेल हो, एवढं काही नाही" म्हणालं की त्यांचं डोकं फिरायचं. "चालेल काय? हात वर करा. आता वाका. आता श्वास घ्या. आता सांगा चालेल का." एकदा तर ऐन लग्नाच्या सकाळी त्यांनी एका नवऱ्या मुलाच्या अंगातून कोट उतरवून घेतला, कारण डावी बाही अर्ध्या बोटानं लांब होती. तिकडे पाहुणे खोळंबले, पण बाही बरोबर झाली.

स्वतःच्या बाबतीत मात्र ही बाई अगदीच मवाळ. अंगकाठी बारा वर्षांच्या मुलीएवढी, हात त्याहून लहान. जगातली प्रत्येक वस्तू आपल्याहून मोठ्या माणसासाठी केलेली असते हे त्यांनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं. त्यांची गिटारही तशीच आलेली. धाकट्या भावानं हौसेनं आणली, महिन्यात त्याची हौस फिटली, आणि ती कोपऱ्यात धूळ खात पडली तेव्हा हिनं उचलली. तीस वर्षं वाजवली, नुसत्या कानावर शिकून. पण काही कॉर्डना, चार-चार तारा एकदम दाबायच्या तिथं, बोटं पुरायचीच नाहीत. मग गाण्यात तेवढी जागा आली की त्या गिटार सोडून तोंडानं "हं हं" करायच्या. ऐकणाऱ्यांना वाटे, काय ही शैली! शैली कसली, ती पळवाट होती, आणि ते फक्त बाईंना ठाऊक होतं.

चौपन्नाव्या वर्षी सकाळी बोटांचे सांधे धरायला लागले. डॉक्टर म्हणाले, "अजून काही वर्षं साथ देतील, पण किती ते मी सांगू शकत नाही." त्या दिवशी बाईंनी मनाशी ठरवलं की बोटं चालतात तोवर एक गाणं अख्खं वाजवायचं. मधे भोक न ठेवता.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे कारागीर होते. वर्षाला चारच गिटारी करायचे, त्याही मर्जी असली तर. बाईंनी त्यांना कागदावर माप लिहून दिलं: तारांची लांबी अठ्ठावन्न सेंटीमीटर. खाली दोन रेघा मारल्या. मग चौदा महिने वाट पाहिली.

गिटार आली त्या दिवशी दुकानात भाऊ होता, भाची होती, आणि बोलावलं नसताना किल्लीवालाही होता. पेटी उघडली आणि सगळे पुढे वाकले. वरचं लाकूड मधाच्या रंगाचं, पाठ काळसर, आणि ताज्या लाकडाचा वास असा की लॉन्ड्रीतल्या साबणाचा वाससुद्धा मागे पडला. भाचीनं एक तार नुसती छेडली. तो आवाज खोलीत कितीतरी वेळ रेंगाळला.

बाईंचा हात सवयीनं टेपकडे गेला. वरच्या टोकापासून खालच्या पट्टीपर्यंत त्यांनी तारा मोजल्या. परत मोजल्या. मग टेपच चुकली असेल म्हणून दुसरी टेप काढली.

"पासष्ट," त्या म्हणाल्या, तेही टाचण्या तोंडातून काढून.

"ताई, सात सेंटीमीटरनं काय होतंय?" भाऊ म्हणाला. "असला आवाज आपल्या सात पिढ्यांत कुणी ऐकला नसेल. ठेव गुपचूप. होईल सवय."

"आत्या, दिसतेय किती सुंदर!" भाची म्हणाली.

किल्लीवाल्यानंही मान डोलावली. आता त्याला कुणी विचारलं होतं?

बाईंनी ठेवून घेतली. खोटं कशाला सांगा, त्या तिच्या प्रेमातच पडल्या होत्या. सोपी गाणी तिच्यावर अशी वाजत की लॉन्ड्रीतली माणसं इस्त्री बाजूला ठेवून दारात येत. पण भोक तिथंच होतं, उलट असल्या आवाजात ते अधिकच मोठं वाटायचं. तसली कॉर्ड पकडायला जावं तर मनगटातून कळ निघायची. परत करावी म्हटलं तर पुन्हा वर्षभर थांबायचं, तोवर बोटांचं काय होईल कुणी सांगावं? शिवाय कारागीर सत्तरी उलटलेले आणि तिरसट. "चालते व्हा" म्हणाले तर हीही गेली आणि नवीही. आठ दिवस बाईंना अन्न गोड लागलं नाही.

आठव्या दिवशी एक हेडमास्तर कोट घालून आरशासमोर उभे होते. छातीवर बटण तुटायला आलेलं. "असू द्या हो," ते म्हणाले, "होईल सवय."

"सवय कोटानं करायची, मास्तर, तुम्ही नाही!" बाई कडाडल्या. "काढा तो!"

भाऊ तिथंच स्टुलावर बसला होता. तो फिस्सकन हसला. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी मास्तरांचा कोट खुंटीला लावला, भर दुपारी दुकान बंद केलं आणि गिटारीची पेटी घेऊन बसमध्ये चढल्या.

कारखान्यात पायाखाली भुसा होता, भिंतीला लाकूड आवळून धरायचे शिकंजे टांगलेले, आणि कारागीर एक पातळ फळी कानाशी धरून बोटानं ठोकत होते. बाईंना पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अठ्ठावन्न लिहिलं होतं खरं तुम्ही. मला वाटलं लिहिताना चुकलात. मोठ्या माणसाची गिटार पासष्टचीच असते."

बाईंनी आपला तळवा त्यांच्या तळव्याला लावून धरला. बाईंचं मधलं बोट कारागिरांच्या बोटाच्या दुसऱ्या पेरापाशीच संपलं. कारागीर जरा वरमले.

"मग दांडीवरच्या दुसऱ्या पट्टीवर कॅपो लावा. चिमटाच असतो तो, तारा दाबून धरतो. तारा थोड्या सैल सोडा की झालं काम. लांबी आपोआप अठ्ठावन्नच्या आसपास येईल."

"म्हणजे बुटात कापूस कोंबून चाला," बाई म्हणाल्या. "थोरल्या बहिणीचे बूट मी तसेच घातलेत, दहा वर्षं. आता नाही घालायचे."

"बाई, माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली गिटार आहे ही."

"आहेच. आठ दिवस ऐकलीय मी. पण माझ्या मापाची नाही. मला नको."

स्वतःसाठी आलेली वस्तू त्यांनी जन्मात पहिल्यांदा नाकारली होती, आणि हात पुन्हा पेटीच्या कडीकडे जात होता. पण पेटी त्यांनी टेबलावर ठेवली ती ठेवलीच.

कारागिरांनी हातातली फळी बाजूला ठेवली. "वर्ष लागेल," अखेर ते म्हणाले.

"लागू दे. पण ट्रायल द्यायची. कच्च्या टाक्यांवर अंगात घालून बघितल्याशिवाय मी पक्की शिलाई मारत नाही."

"लाकडात शिलाईसारखी माया सोडता येत नाही, बाई. एकदा कापलं की कापलं."

"म्हणून तर आधी बघायचं!"

कारागीर पुटपुटले खूप, पण टाकाऊ लाकडाची एक दांडी त्यांनी केली आणि तिच्यावर पट्ट्या ठोकल्या. बाई चार वेळा जाऊन ती हातात धरून आल्या. इथं जाड लागते, तिथं टोचते, अंगठा असा येतो. चौथ्या खेपेला म्हातारे स्वतःच म्हणाले, "आता वाका. आता श्वास घ्या." बाई इतक्या हसल्या की ठसका लागला. पुढे कारागिरांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला ट्रायल द्यायला सुरुवात केली, आणि कल्पना आपलीच असल्याचं सांगत.

अकरा महिन्यांनी नवी गिटार घेऊन ते स्वतः दुकानात आले. बाईंनी आधी टेप लावली. अठ्ठावन्न. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. सकाळ होती, सांधे अजून धरलेलेच होते, पण त्या स्टुलावर बसल्या आणि गाणं सुरू केलं. ती जागा जवळ आली. बोटं गेली, पोचली, तारांवर टेकली, आणि कॉर्ड स्वच्छ वाजली. बाई थांबल्या नाहीत. गाणं शेवटच्या सुरापर्यंत गेलं, अख्खं, आणि मग त्यांना असा आनंद झाला की गिटार कवटाळून त्या नुसत्या हसत राहिल्या. कारागीर रुमालानं चष्मा पुसत होते. किल्लीवाला टाळ्या वाजवत होता.

भावाला गप्प बसवतं कुठं! "छान आहे, ताई. पण पहिलीचा आवाज मोठा होता हां."

कारागिरांनी मान खाली घातली, कारण ते खरं होतं.

"होता की," बाई म्हणाल्या. "ती ऐकायला छान होती. ही मला वाजवायला आहे." त्यांनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं. "बसा सगळे. अजून सहा गाणी आहेत, आणि प्रत्येकाला एक तरी भोक आहे. आज सगळी बुजवायचीत."