महिन्याचं पीठ

आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेच्या पुढे गेलं नव्हतं. त्यामुळे कॉलेजात शिकताना खायचं काय, हे विचारायला कुणी नव्हतं. आणीबाणीच्या आगेमागे मी इंझोरीहून वाशीमला आलो, विहाराजवळच्या वस्तीत एक खोली घेतली आणि पहिले काही महिने मायच्या डब्यावर काढले.

डबा सकाळच्या एसटीने यायचा. दोन दिवसांच्या भाकरी, ठेचा, कधी मुंगवड्यांची भाजी. कंडक्टर खिडकीतून भरलेला डबा द्यायचा, मी रिकामा द्यायचो. त्यासाठी माय अंधारात उठून भाकरी थापायची आणि एसटीची वाट पाहत उभी राहायची. गाडी उशिरा आली की तिची मजुरी बुडायची. हे मला दिवाळीच्या सुट्टीत कळलं, तेही बाबांच्या तोंडून.

"तुझ्या डब्यापायी तुझ्या मायचे रोज पडून राह्यले," बाबा म्हणाले. "खानावळ आपल्याले झेपत नाही. असं किती दिवस चालन?"

"डबा बंद करा. मी करून खाईन."

"तू? तुले चूल तरी पेटवता येते काय?"

"शिकीन."

"परीक्षेपर्यंत पाहू. नाही जमलं तं परत ये. वावरात कामाले कमी नाही."

दुसऱ्या दिवशी मायने गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, मिरच्या भाजल्या आणि जात्यावर माझ्याकडून येसर दळून घेतलं. हे पीठ मूठभर घेऊन पाण्यात कालवलं, उकळलं की कालवण तयार. भाजी विकत आणायला नको. सोबत जवसाची चटणी, उन्हाळ्यात वाळवलेल्या मुंगवड्या आणि अर्धं पोतं ज्वारी दिली. भाकर मात्र दोनच दिवसांत शिकावी लागली. माझ्या वेड्यावाकड्या भाकरी घरच्यांनी हसत खाल्ल्या.

वाशीमला आल्यावर मी सगळं नेमाने करू लागलो. रॉकेल पुरावं म्हणून स्टोव्ह दिवसातून एकदाच पेटवायचा. सकाळीच दोन्ही वेळच्या भाकरी करायच्या, कालवणही तेव्हाच. दुपारी कॉलेजातून येऊन जेवायला बसलो की संध्याकाळची भाकर फडक्यात गुंडाळून समोरच असायची. दिवसाचं पुढचं जेवण कसं असणार, हे आधीच ठाऊक असायचं. घरी माय तव्यावरची भाकर थेट ताटात टाकायची. इथे मला हळूहळू कळलं की गरम भाकर खायला दोन माणसं लागतात, एक करणारं आणि एक खाणारं. एकट्या माणसाची भाकर गारच.

डबा बंद झाला होता, तरी त्या एसटीच्या वेळेला माझे पाय कधी कधी स्टँडकडे वळत. एकदा कंडक्टरने ओळखलं.

"काहून, डबा चालू झाला काय पुन्हा?"

"नाही."

"मंग कायले उभा हायेस?"

मी वही चाळत असल्यासारखं केलं.

अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून मी आणखी एक हुशारी केली होती. चक्कीवर रांग असायची आणि मध्येच वीज गेली तर तास बुडायचा. म्हणून सगळी ज्वारी एकदमच दळून आणली आणि पत्र्याच्या मोठ्या डब्यात दाबून भरली. पहिले दोन आठवडे चांगले गेले. मग भाकर थापताना कडेने चिरू लागली. महिना उलटला तेव्हा तर ती परातीतून उचलताच हातात तुकडे यायचे. मला वाटलं, माझा हातच बिघडला. विचारणार कुणाला? मी ते तुकडेच भाजून येसरात बुडवून खात होतो. त्यांची चव कडवट लागायची. पुढे भाकरी करणं सोडलं आणि मुरमुऱ्यांवर राहिलो. वर्गात फळ्यावरची अक्षरं हलू लागली. एका रविवारी सकाळी मी वळकटी बांधली.

घरमालकीण ओट्यावर तांदूळ निवडत होती. आम्ही सगळे भाडेकरू तिला मावशी म्हणायचो.

"कुठं चालला रे पोट्ट्या, वळकटी घेऊन?"

"गावाले."

"सुट्टी लागली?"

"नाही. भाकर जमत नाही."

ती एवढी हसली की सूप बाजूला ठेवावं लागलं. "भाकरीपायी कॉलेज सोडून राह्यला? बापाले काय सांगशीन, पिठानं मले हाकललं म्हून?"

माझे डोळे भरून आले. तिने ते पाहिलं, उठली आणि म्हणाली, "आन पाहू पीठ."

चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून ती थुंकली. "कधी दळलं हे?"

"दिवाळीनंतर. सगळंच एकदम. वेळ वाचावा म्हणून."

"वाचवला! आता खाय वाचवलेलं. अरे लेका, ज्वारी भरून ठेवा लागते, पीठ नाही. दाणा टिकते, पीठ मरते. जुन्या पिठात चिकटपणा राह्यते काय?"

तिने आधण ठेवायला लावलं. उकळतं पाणी पिठात ओतून कालवायला सांगितलं, झाकून ठेवलं, मग कोमट असतानाच मळायला लावलं. भाकर अखंड उचलली गेली. तरी तेवढं पीठ मी कसंबसंच संपवलं. पुढे गावाहून ज्वारी आली ती दाण्यातच ठेवली आणि दर आठवड्याला चक्कीवर रांगेत पुस्तक घेऊन उभा राहू लागलो. वळकटी मी त्याच दिवशी सोडली होती.

परीक्षा देऊन उन्हाळ्यात घरी गेलो. पहिल्याच सकाळी मायला म्हणालो, "तू बस. मी करतो."

चुलीवर भाकर फुगली. बाबांनी पहिली खाल्ली, बोटं चाटली आणि एवढंच म्हणाले, "जाय मंग पुढच्या वर्षी."

दुसरी मी मायच्या ताटात टाकली. ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी, गार झालेलं खायची. वाफेने तिची बोटं पोळली. फुंकर घालून तिने एक घास खाल्ला, आणखी एक खाल्ला.

"चांगली झाली," ती म्हणाली, आणि हसून पुढे म्हणाली, "आता तुले माय लागत नाही."

बाबा हसले. मला 'लागते' म्हणायचं होतं. पण तव्यावरची भाकर उलटायची राहिली होती, मी तिकडे वळलो.