गाईला ताप आला तेव्हा

माझी थोरली मुलगी बाळंतपणात गेली आणि तिचे मूल आमच्या पदरात आले. शेळीचे दूध त्याला पचेना, गावठी गाईचेही नाही. दोन चमचे पाजले की सगळे बाहेर. पुण्याच्या एका डेअरीने काढून टाकलेली अर्धी विलायती गाय मी रेल्वेने सोलापूरला आणली. तिचे दूध मात्र त्याच्या पोटात ठरले.

उन्हाळ्यात गोचीड वाढले. पलीकडच्या गल्लीत अशीच एक गाय गोचिडाच्या तापाने मेली होती. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "गावठी गुरांना लहानपणीच हा ताप येऊन जातो, म्हणून ती तगतात. त्यांचं थोडं रक्त हिला टोचू. ताप येईल. तो आलाच पाहिजे, नाहीतर टोचणं फुकट. दूध काही दिवस कमी होईल." मी दोन्हीकडची जोखीम मांडून पाहिली आणि टोचायचे ठरवले.

रक्त शेजारच्या गाडीवानाच्या खिलार गाईचे घेतले. तो मूळचा होटगीकडचा.

"मालक, आमची गाय तुमची सोयरी झाली की. आहेर काय देताय?"

"आधी लेकराचं पोट भरू दे, मग आहेर," बायको आतून म्हणाली.

मी रोज थर्मामीटर लावी. आठवडाभर पारा एकशे एकच्या आसपास, म्हणजे गाईचा नेहमीचाच. मग एका सकाळी एकशे चार. मी आत जाऊन आनंदाने सांगितले.

"ताप आला म्हनून हासनारं घर पयल्यांदाच बघतोय," गाडीवान म्हणाला. त्यावर आम्ही आणखी हसलो.

दुसऱ्या दिवशी एकशे सहा. पारा उतरेना. लघवी लाल झाली. डॉक्टरांनी निळे औषध शिरेत सोडले. सुती कापड रंगवायचाच तो रंग; मी गिरणीच्या रंगखात्यात कारकून, असले रंग रोज पाहत होतो. गाईच्या डोळ्यांच्या कडा निळ्या झाल्या, आचळे निळी झाली. भांड्याच्या तळाशी जेमतेम पडले ते दूधही निळसर. बायकोने ते मोरीत ओतले. त्यानंतर धार निघालीच नाही.

ताप उतरला. गाय उठली, कडबा खाऊ लागली. डॉक्टर समाधानाने म्हणाले, "टोचणं लागू पडलं. हिला आता गोचिडांची भीती नाही." ते खरे होते. त्या वेळी घरात नातवाच्या ओठांवरून भाताची पेज परत ओघळत होती. श्रावण लागण्याआधी तो गेला.

पुढे आमच्या गाईचे रक्त टोचून घ्यायला लोक आपापल्या गाई घेऊन येऊ लागले. त्यांतल्या पुष्कळ वाचल्या. मी दावे धरून उभा राही. बायको सहसा बाहेर येत नसे. एकदा आली, तर मोहोळच्या एका माणसाने तिला सहज विचारले, "वैनी, दूध किती देती ही?"

"रक्ताला आलात ना?" ती म्हणाली. "मग रक्त घ्या आणि जा."