वकिलाचा श्वास

"भावोजी, हे गेले." शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. "बरं," एवढंच बोललो आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसलो. दिनू गेला, हे कळायला पाच-दहा मिनिटं लागली...

दिनूचं बुधवार पेठेत स्पीकर-ॲम्प्लिफायरचं दुकान, मी कॉम्प्युटरवाला. वेड दोघांना सिनेमाचं. लायब्ररीतली एक पिवळी पडलेली रहस्यकादंबरी माझ्यापुढे आपटून तो म्हणाला, "नोकऱ्या काय, सगळेच करतात. आपण हिचा पिक्चर करू!" मग उसना व्हिडिओ कॅमेरा आणला, कोथरूडच्या माझ्या फ्लॅटच्या खिडक्यांना चादरी लावल्या आणि तीन वर्षं शनिवार-रविवार खपून आम्ही तो काळा-पांढरा सिनेमा पुरा केला. खून होणाऱ्या वकिलाचं काम करणारा नट ऐन वेळी आलाच नाही, म्हणून दिनूच फरशीवर आडवा झाला.

त्याला दमा. श्वास रोखला की खोकला यायचा, सोडला की पोट हलायचं. नवव्या टेकला मी खेकसलो, तर हा पडल्यापडल्या म्हणतो, "अहो दिग्दर्शक, या गार फरशीवर प्रेतालासुद्धा सर्दी होईल!" शेवटी त्यातल्या त्यात बरा टेक ठेवला.

पहिला खेळ एका शाळेच्या हॉलमध्ये झाला. वकील पडला आणि मागून आवाज आला, "अहो, पोलीस कशाला? डॉक्टर बोलवा, जिवंत आहे तो!" सगळे जे हसायला लागले, ते शेवटपर्यंत हसतच राहिले. बाहेर आल्यावर मी चारचौघांत दिनूला म्हणालो, "तुला साधं मरतासुद्धा येत नाही रे!" तो नुसता हसला. मी कॅसेट कपाटात टाकली ती टाकलीच. वहिनी तेव्हा माहेरी होत्या. दर दिवाळीला दिनू विचारायचा, "एकदा घरी दाखव की, शोभानं पाहिलेला नाही." मी म्हणायचो, "बघू." नाकात ऑक्सिजनची नळी आली तेव्हाही त्यानं विचारलं, तेव्हाही मी "बघू"च म्हणालो. माफी मागायची होती हो मला, पण तोंडच उघडलं नाही.

तेरावा झाल्यावर मात्र सिनेमा घेऊन त्यांच्याकडे गेलो. दिनूच्या खोलीत, त्यानं हातानं जोडलेल्या स्पीकरवर लावला. वहिनी समोर बसल्या. वकील पडला. सदरा वर-खाली होऊ लागला, स्पीकरमधून बारीक घरघर ऐकू आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईनं कॅसेट पुढे पळवायला गेलो, तर वहिनींनी माझा हात धरला.

"राहू द्या, भावोजी. श्वास चाललाय."

तो प्रसंग संपेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. मग म्हणाल्या, "परत लावा."

मी परत लावला.