केवणीचा दोर

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी अजूनही मान ताठ ठेवून सांगते. पण कॉलेजात नाव घालायच्या शेवटच्या दिवशी सकाळी बघतो तर रात्रीच्या पावसाने फुगलेल्या पऱ्याने, म्हणजे आमच्या ओढ्याने, वाडीचा लाकडी साकव वाहून नेलेला. पलीकडे गेल्याशिवाय रत्नागिरीची एसटी नाही.

पाणी ओसरून छातीएवढं झालं होतं, तरी ओढ भारी होती. गुरांचा दोर तोकडा पडला. आईने कोयतीने केवणीच्या फांद्या तोडून हिरवी साल सोलली आणि आम्ही दोघी पडवीत समोरासमोर बसून पीळ भरत गेलो. ती साल खरखरीत, ओल्या हातातून निसटत नाही.

बाबा दोराचं टोक खांद्यावर टाकून वरच्या अंगाने पोहत गेले आणि पलीकडच्या ऐनाच्या झाडाला बांधून ओरडले, "कमरंला बांध गो तिच्या!"

"बांधायची नाय," आई म्हणाली. "गेल्या साली गायीच्या पाड्याला बांधून उतरवलात. पाय सरकला नि दोरानंच पाण्याखाली धरलान त्याला. इसरलात?"

"पाडा नि पोर एक काय?"

"पाण्याला सारखीच. हिला हात हायत. धरील."

तिने दोराचं अलीकडचं टोक आमच्या काठावरच्या झाडाला आवळून बांधलं.

"बाय, पाणी येतंय तिकडं तोंड कर," आई मला म्हणाली. "दोर पुढ्यात. एक पाय टेकला की मगच दुसरा उचल. नि माझ्याकडं बघू नको, मी काय पळून जात नाय."

मार्कशीट खताच्या पिशवीच्या प्लास्टिकात गुंडाळून डोक्यावर बांधली होती. मधोमध पायाखालचा दगड फिरला. पाय सुटले, तोंडात पाणी गेलं. दोर धनुष्यासारखा वाकला, पण हात सुटले नाहीत. हळूहळू पुन्हा तळ लागला. बाबांनी मनगट धरून मला वर ओढलं आणि माझ्या वेणीचं पाणी पिळत राहिले. एसटी दिसली तरी पिळतच होते.

ओल्या कपड्यांनीच नाव घातलं. नवा साकव होईस्तोवर तो दोर तिथेच होता. रोज मला सोडायच्या आधी आई त्याचा पीळ चाचपायची, सैल साल काढून नवी भरायची.

दोघांचे उपकार मानायला मला शब्द कमी पडत नाहीत, शिकलेय ना. पण मी बोलायला लागले की आई म्हणते, "पुरे गो. चाय ठेव."