अंबादासांची तिसरी घंटा

पडदा वर जातो. भांडुपच्या टेकडीवरची चाळ, बुद्धविहारापुढचं अंगण, निळ्या पताका, एप्रिलची संध्याकाळ. डावीकडच्या खिडकीतून चार्जरची वायर बाहेर आलेली. ती जिथे संपते तिथे, दोन बॅटऱ्यांशेजारी, ताठ बसलेत अंबादास. तीस वर्षं नाटकाच्या दौऱ्यांवर लाइट सांभाळलेला माणूस.

आज जबाबदारी मोठी. चंपाबाई, त्यांची बायको, जन्मभर कोरसात मागं उभी राहून गायलेली. आज जयंतीला, साठीत, पहिल्यांदा एकटी गाणार होती.

भंगारबाजारातून अंबादासांनी आणलेला ॲम्प्लिफायर कुठल्याशा जहाजावरचा. त्याला चोवीस व्होल्ट लागत. रिक्षावाल्या शेजाऱ्याचा चार्जर बाराचा. बॅटऱ्या शेजारीशेजारी जोडल्या की बारा, एकीमागे एक जोडल्या की चोवीस.

"आणि दोन्ही जोडण्या एकदम झाल्या तर?" चंपाबाईंनी विचारलं होतं.

"वाट लागली! म्हणून तर प्लग एकच ठेवलाय."

लाल खाचेत घातला की चार्जिंग, निळ्या खाचेत घातला की गाणं. एकच प्लग एका वेळी दोन्हीकडे जाणार कसा? युक्ती झकास होती. फक्त, "एन्ट्रीपर्यंत नटाला पाणी पाजत राहायचं," म्हणून अंबादासांनी प्लग अजून लाल खाचेतच ठेवला होता.

कार्यक्रमाचं निवेदन करणाऱ्या धम्मपालनं चंपाबाईंचं नाव पुकारलं. चंपाबाईंनी डोळे मिटले आणि सूर लावला. ओठ हलले, भोंगा मुका. मागच्या बाया ओरडल्या, "अगं, मोठ्यानं!" अख्खं पहिलं कडवं हवेत विरलं.

"काका, प्लग!" धम्मपाल धावत आला.

"हात लावू नको रे. तिसरी घंटा झालेली नाही."

"अहो, नाटक आहे का हे?"

अंबादास हलेनात. घंटेआधी खटक्याला हात लावायचा नाही, या नियमावर ते तीस वर्षं जेवले होते.

चंपाबाई नवऱ्याला ओळखून होत्या. त्यांनी खीर वाढणाऱ्या नीलमच्या पातेल्यावरचं झाकण उचललं आणि डावानं हाणलं. ठाण! ठाण! ठाण!

"झाली तिसरी! आता उठता का?"

अंबादास तडक उठले. लालमधून प्लग उपसला, निळ्यात दाबला. भोंगा खाकरला, आणि दुसऱ्या कडव्याला अख्खी टेकडी मान वर करून ऐकू लागली.

टाळ्या थांबेनात. अंबादास डोळे पुसत माइकपाशी आले.

"चंपे, पहिलं कडवं परत म्हण. ते माझ्या घंटेनं खाल्लं."