वळून न बघणारी मोठीमाय

गावातल्या कुठल्याही पोराचं नाक मोठीमाय आपल्या पदरानं पुसायची. शेंबडं, रडकं, चिखलात लोळलेलं, कसलंही पोर असो, ती त्याला कडेवर घ्यायची, त्याच्या आईला दोन शिव्या हासडायची आणि पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. फक्त मला तिनं कधी हात लावला नाही. मी समोरून आले की ती माझ्या डोक्यावरून पलीकडच्या लिंबाकडं बघत विचारायची, "आई हाय का घरात?" आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायची.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको आणि केज तालुक्यातल्या आमच्या गावची सरपंच. तिला आधीचे दोन मुलगे. तिसरी मी. माझ्या आईला, म्हणजे तिच्या धाकट्या जावेला, मूल नव्हतं. सगळे ऊसतोडीला गेले असताना फडावरच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, मी जन्मले आणि गावी परतल्यावर दोघी जावा मला घेऊन नारायणगडावर गेल्या. तिथं देवासमोर मोठीमायनं मला आईच्या ओटीत घातलं आणि मागं न बघता पायऱ्या उतरली. ओटीत घातलेल्या लेकराकडं वळून बघू नये, बघितलं तर ते दोन्ही घरांना लाभत नाही, असं आमच्याकडच्या बाया मानतात. बाकीच्या हे सवा महिना पाळतात आणि मग विसरतात. मोठीमाय विसरली नाही.

सरपंच म्हणून मात्र बाई दांडगी होती. "ठरावात घ्या" हा तिचा लाडका शब्द. तिचा नवरा, म्हणजे मोठे बाबा, दुसऱ्यांदा चहा मागायला लागले तरी ती चुलीपासून ओरडायची, "ठरावात घ्या, मंग बघू!" नदीतून वाळू उपसणारे ट्रॅक्टर गावातून जायला लागले तेव्हा तिनं भर रस्त्यात बाज टाकली आणि तिच्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत राहिली. ड्रायव्हरनं आधी हॉर्न वाजवला, मग धमकी दिली, मग हात जोडले. ती म्हणाली, "शेंगा संपू दे की बाबा, लई घाई हाय का?" शेंगा काही संपल्या नाहीत. ट्रॅक्टर आले तसे माघारी गेले. अशा बाईला भीती म्हणून काही असेल, हे कुणाला खरं वाटलं नसतं.

पण तिला भीती होती, आणि ती माझ्या तोंडात होती. मोठीमायच्या वरच्या दातांत एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. माझाही अगदी तसाच, त्याच बाजूला. मी जवळपास असले की ती तोंडाला पदर लावून बोलायची. चौथीत असताना शाळेत भांडणात एका मुलीनं मला म्हटलं, "जा, जा, सरपंचबाईचे दात घेऊन आलीस." त्या दिवशी मी घरी येऊन आरशात बघितलं आणि सगळं समजून चुकले. कुणाला काही विचारलं नाही. फक्त तेव्हापासून मीही तोंड मिटून हसायला लागले.

पुढच्या निवडणुकीत मोठीमाय पुन्हा निवडून आली आणि आमच्या घराची झोप उडाली. दोनांहून जास्त मुलं असली की सरपंचपद जातं, असा आपल्याकडं कायदा आहे. पडलेल्या उमेदवाराला गावात सगळे आबा म्हणत. या आबांनी तक्रार केली की बाईंना तीन लेकरं आहेत, तिसरं जावेच्या घरात लपवलंय. माझ्या बारशाला हेच आबा पोटभर जेवून गेले होते. निवडणुकीच्या शपथपत्रात मोठीमायनं दोनच मुलं लिहिली होती आणि तिचं म्हणणं एकच होतं. "म्या खोटं न्हाई सांगितलं. दिलं ते दिलं. दिलेलं मोजायचं नसतं." जिल्ह्याच्या साहेबांना ते पटलं नाही. त्यांनी माझ्या रक्ताची डीएनए चाचणी करायचा हुकूम काढला. मोठीमाय त्याविरुद्ध संभाजीनगरला हायकोर्टाच्या खंडपीठात गेली.

तिथले आमचे वकील तरुण होते आणि भलतेच खूश होते. एखाद्याची खुर्ची राहते की जाते हे ठरवण्यासाठी लहान मुलाचं रक्त त्याच्या मनाविरुद्ध काढता येईल का, हा प्रश्न त्यांच्या मते फार मोलाचा होता. "सरपंचबाई, निकाल लागला तर राज्यभर लागू होईल. तुमचं नाव कायद्याच्या पुस्तकात येईल," असं ते म्हणाले. मोठीमाय म्हणाली, "माझं नाव रेशनकार्डावर हाय, तेवढं बास. पोरीला कळंल का, ते सांगा." वकीलसाहेब कागद चाळायला लागले. आपण एका मोलाच्या प्रश्नाच्या मधोमध उभ्या आहोत, हे आम्हा तिघींना काही केल्या आनंदाचं वाटेना.

ते वर्ष आम्ही नुसतं भिऊन काढलं. दारात जीप थांबली की आई मला मागच्या खोलीत ढकलून कडी लावायची. तारीख जवळ आली की रस्त्यात बाज टाकणारी मोठीमाय ताटावर बसायची आणि तशीच उठायची. आणि मी? मला वाटायचं, रक्त काढतील, काचेच्या नळीत घालतील, आणि ते रक्तच सांगेल की ही इकडची नाही, तिकडं पाठवा. माझं दप्तर, माझी वाकळ, सगळं भिंतीपलीकडं मोठीमायच्या घरात जाईल आणि वडील उसाला गेले की आई एकटी राहील. खेळताना गुडघा फुटला तर मी तो घाईघाईनं मातीनं पुसायचे. माझं रक्त कुणी बघू नये असं मला वाटायचं.

शेवटच्या तारखेला वकिलांनी मुलीलाही घेऊन यायला सांगितलं. कोर्टानं बघायचं म्हटलं तर हाताशी असावी म्हणून. केजहून पहाटेची एसटी धरून आम्ही तिघी गेलो. कोर्टाच्या व्हरांड्यात काळे कोट इकडून तिकडं पळत होते, आणि प्रत्येक कोटाच्या खिशात सुई आहे असं मला वाटत होतं. मी आईचा हात घट्ट धरला. मोठीमाय पलीकडच्या टोकाला भिंतीकडं तोंड करून उभी होती. पदराचं टोक ती पिळायची, सोडायची आणि पुन्हा पिळायची. ते बघून मला राहवलं नाही. आईचा हात सोडून मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मोठीमाय, मला म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"म्या तुझ्या पोटची हाय ते."

ती भिंतीला टेकत खाली फरशीवर बसली. "कवापासनं?"

"चौथीपासनं."

"मंग बोलली कावून न्हाईस?"

"तू भिशील म्हनून."

तिनं माझ्याकडं बघितलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा, सरळ, पुरतं, पदर न लावता. मग आईकडं बघितलं. आई तोंडात पदर कोंबून रडत होती. तेवढ्यात आमचा पुकारा झाला.

वकीलसाहेबांनी नुकतं कुठं बोलायला सुरुवात केली होती. मागच्या बाकावरून मोठीमाय उठली आणि हात जोडून म्हणाली, "सायेब, पोरीचं रगत काढू नका. ती माझ्याच पोटची हाय. म्याच सांगते." वकीलसाहेबांचा चेहरा बघवत नव्हता. न्यायमूर्तींनी तिला शांतपणे मराठीत विचारलं, "बाई, तुमचं पद जाईल. कळतंय ना तुम्हाला?" ती म्हणाली, "कळतंय सायेब. पर एवढं लिवून घ्या. जन्म म्या दिला, पर लेक हिची हाय. पोरीला कुनी इकडची तिकडं करायची न्हाई." आणि तिनं आईकडं बोट केलं. न्यायमूर्तींनी सांगितलं की मुलीच्या ताब्याचा प्रश्न इथं नाहीच, तो कुणी विचारलेलाही नाही. आता चाचणीची गरज उरली नाही, आणि कायद्याचा मूळ प्रश्न पुढं एखाद्या योग्य प्रकरणात ठरवता येईल. मला कुणी घरातून हलवणारच नव्हतं, एवढी साधी गोष्ट आम्हाला कुणी आधी का सांगितली नाही, याचा मला आजही राग येतो.

बाहेर आबा भेटले. जिंकलेला माणूस असा दिसत नाही. जीप रिकामीच आहे, गावापर्यंत सोडतो, असं चपलेकडं बघत म्हणाले. मोठीमाय म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आबा, आमाला एसटी बरी हाय." एसटीत तिनं मला खिडकीशी बसवलं, आईला माझ्या शेजारी, आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन गाढ झोपली.

पद गेलं. खोट्या शपथेचा खटला भरतील म्हणून आम्ही पुढं कितीतरी दिवस धास्तावलेले होतो, पण तो काही आला नाही. दिवाळीनंतर मोठीमाय पुन्हा कोयता घेऊन उसाला गेली. ट्रकमध्ये चढताना आईला म्हणाली, "पोरीला शिकव. म्या न्हाई इचारनार किती शिकली. दिलेलं मोजायचं नसतं." त्याच हंगामात एका दुपारी, मोळी डोक्यावर असताना, तिच्या छातीत कळ आली. ती गेली तेव्हा मी शाळेत होते.

मी आता संभाजीनगरलाच कायदा शिकते. परवा वर्गात सरांनी सांगितलं की तोच प्रश्न पुन्हा खंडपीठापुढं येतोय. दुसरं गाव, दुसरी सरपंच, दुसरी मुलगी. मुलीचं नाव कागदात छापत नाहीत. वर्गात दोन्ही बाजूंनी जोरदार वाद झाला आणि सरांनी माझं मत विचारलं. मी उठून उभी राहिले. मला एवढंच दिसत होतं की त्या नाव नसलेल्या पोरीला आज रात्रीही कुणीतरी मागच्या खोलीत ढकलून कडी लावणार आहे, आणि ती आत कशाला भिते आहे, हे कुणी तिला विचारलेलं नसणार.