रोमच्या कोरड्या गवतात आत्याचे ओले पाय

आधीच सांगते, मी म्हसळ्याला शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात देव्हारा नाही, तिथे भुताखेतांना कोण विचारतो! या ग्रुपवरचे चकव्यांचे किस्से वाचून हसणारी मी... आता तुम्ही हसा.

माझा धाकटा भाऊ रोमला एका हॉटेलात आचारी आहे. गेल्या ऑक्टोबरात त्याच्याकडे आत्याला घेऊन गेले. आई लवकर गेली, आम्हा दोघांना आत्यानेच वाढवलं. काचबिंदूने तिची नजर पार गेली, आणि तेव्हापासून हरिहरेश्वरजवळच्या आमच्या बौद्धवाडीत ती कुणाचा हात धरल्याशिवाय उंबरठाही ओलांडत नाही. एके काळी जयंतीच्या शर्यतीत हिच्या जवळपासही कुणी यायचं नाही! डोळे गेले त्याहून तिची हिंमत गेली याचं आम्हाला जास्त वाईट वाटायचं.

रोममध्ये तिची एकच मागणी — "ऑलिंपिक झालं ती जागा दाव."

भावाची ड्युटी होती, म्हणून सकाळी आम्ही दोघीच निघालो. मिल्वियो पुलावरून टायबर नदीच्या काठाकाठाने चालत. काय सुंदर काठ आहे हो! दोन्हीकडे चिनारांची रांग, खाली संथ हिरवट पाणी. मी बोलत होते, आत्या माझा दंड धरून ऐकत होती. पुढे साठ सालच्या ऑलिंपिकमधलं एक मैदान लागलं. मध्ये गवत, भोवती ट्रॅक, कडेला संगमरवरी पायऱ्या आणि त्यांवर खेळाडूंचे हे थोरले पांढरे पुतळे. मी तर बघतच राहिले.

"कापडं काय घातलीत त्यांनी?" आत्याने विचारलं.

"नाही घातली."

"कायच न्हाय? थंडी वाजत आसंल की गं बिचाऱ्यांना!"

हसू आवरल्यावर मी तिला सांगितलं, की त्याच ऑलिंपिकमध्ये एक जण अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला होता. आत्याने चपला काढल्या, पदर खोचला.

"हात सोड, बाय."

"अगं आत्या, पडशील!"

"सोड म्हनते ना!"

आणि ती पळाली! मला वाटलं ट्रॅकवर चार पावलं टाकेल. पण ही बाई वळलीच नाही, आडवं मैदान कापत नाकासमोर सुटली. समोर दगडी पायऱ्या. मी ओरडत मागे धावले, पण माझ्या हाती कसली लागते! आता डोकं फुटणार, भावाला काय तोंड दाखवू...

पायऱ्यांपासून हातभर अलीकडे ती एकदम थांबली. "लागलं गं, पानी लागलं!" म्हणून खळखळून हसली.

मी पोचले तेव्हा तिचे पाय घोट्यापर्यंत ओले होते. साडीचा काठ निथळत होता. गवताला पाणी मारलं असेल म्हणून मी मागे जाऊन वाकून हात फिरवला, तर गवत कोरडं ठाक, ट्रॅकही कोरडा. मैदानात दुसरं कुणी नव्हतं.

"पायऱ्या आहेत हे कसं कळलं तुला?"

"कसल्या पायऱ्या? आमची शर्यत दर्यापत्तुर असायची. ओहोटीच्या पक्क्या वाळूवर पळायचं, पायाला पानी लागलं की संपली." तिला मैदानाला गोल फेरी मारतात हेच ठाऊक नव्हतं!

घरी साडी वाळत घातली. वाळल्यावर काठाला पांढरी रेघ दिसली, खाऱ्या पाण्यात भिजलेल्या कपड्याला येते तशी. जिभेला लावून पाहिली — खारट. भाऊ म्हणाला, "घाम असेल." घोट्यापर्यंत? काठ निथळेपर्यंत?

पाण्याचा पाइप, दव, घाम... सगळं लावून पाहिलं, उत्तर जुळत नाही. वर्गात मुलांना "कारण शोधा" म्हणताना हल्ली माझाच आवाज जरा बसतो.

परवा वाडीत गेले तर दार सताड उघडं, आत्या घरात नाही. शोधत किनाऱ्यावर गेले, तर बाई काठी टेकत एकटीच वाळूतून येत होती. तिथेच पुन्हा विचारलं, "आत्या, ते पाणी कुठून आलं गं?"

"तुला काय करायचंय?" ती म्हणाली. "चल बाजूला हो, वाटंत उभी राहू नको."